यादीच्या शेवटच्या ओळीखाली

“आम्ही पहिले. भारत कितवा?”

आजोबांनी हे विचारलं तेव्हा आम्ही दोघं इमारतीच्या तळघरात, सायकली ठेवायच्या खोलीत उभे होतो. त्यांची सायकल उलटी करून ठेवलेली होती आणि हातात तेलाचं फडकं होतं. २०२२ च्या जूनचा पहिला आठवडा. आइस हॉकीची नवी जागतिक क्रमवारी लागली होती आणि तिच्यात फिनलंड सगळ्यांच्या वर होता. प्रश्नात टोमणा नव्हता. आपल्याकडे पाहुण्याला ‘तुमच्याकडं पाऊसपाणी कसं?’ विचारतात, तितक्याच साधेपणानं त्यांनी विचारलं होतं.

मी फोनवर यादी उघडली आणि बोटानं खाली सरकत गेलो. तुर्कस्तान आला, दक्षिण आफ्रिका आली. अगदी तळाशी इराण, सिंगापूर, मलेशिया. तिथं यादी संपली. चुकून सुटलं असेल म्हणून पुन्हा वरून खाली आलो. भारत नव्हता. शेवटून पहिला असतो तरी काहीतरी आकडा सांगता आला असता. आजोबांनी चष्मा पुसून स्वतः पाहिलं आणि म्हणाले, “मलेशियात बर्फ पडतो?”

मलेशियात बर्फ पडत नाही. आमच्या देशात लडाख आहे, हिवाळ्यात तिथली तळी दगडासारखी गोठतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. तेव्हापासून ही क्रमवारी माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

मी नोकरीनिमित्त फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरात दोन वर्षं होतो. तिकडे लहानथोर सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नावानं हाक मारायला माझी जीभ काही वळली नाही, म्हणून मनातल्या मनात ते माझे आजोबाच. त्यांच्या लहानपणी, १९६५ मध्ये, ताम्पेरेत हाकामेत्सा नावाचा हॉल बांधला गेला. फिनलंडमधला तो पहिला बंदिस्त रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, जागतिक स्पर्धेसाठी उभारलेला. तोवर तिथली पोरंसुद्धा तळ्यावरच खेळायची. आजोबा गोलकीपर होते. फार वरपर्यंत गेले नाहीत, पण उजवा गुडघा त्या खेळातच गेला. जिना चढताना कठड्याला धरून त्याला अजूनही एक हिसका द्यायचे.

२०२२ ला स्पर्धा पुन्हा ताम्पेरेत होती, नव्या कोऱ्या हॉलमध्ये. फेब्रुवारीत बीजिंगला फिनलंडनं आइस हॉकीतलं आपलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण घेतलेलं. २९ मे ला अंतिम सामना, समोर कॅनडा. आम्ही आजोबांच्या दिवाणखान्यात बसलो होतो. फिनलंड ३-१ नं पुढे, शेवटची अडीच मिनिटं उरलेली, बाहेर रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न सुरू झालेले. कॅनडानं गोलकीपर बाहेर काढला आणि त्याच्या जागी एक जादा खेळाडू बर्फावर घातला. बघता बघता दोन गोल, ३-३. हॉर्न थांबले. आजोबा उठून स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला, पाणी न पिताच परत आले. जादा वेळेत साकारी मान्निनेननं गोल मारला. त्या क्षणी इमारतीच्या सगळ्या मजल्यांवरून जो आवाज आला, तसा मी आपल्याकडे २०११ च्या वर्ल्डकपच्या रात्रीच ऐकलाय. तिकडे अशा वेळी एक वाक्य म्हणतात, ‘तोरिल्ला तावाताआन’, म्हणजे बाजारचौकात भेटू. अख्खं गाव खरंच चौकात भेटलं. दुखऱ्या गुडघ्यानिशी आजोबाही आले.

फिनलंडची लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या पुण्याच्या परिसरापेक्षाही कमी. एवढासा देश जगात पहिला कसा? आणि ‘पहिला’ म्हणजे नेमकं काय मोजलं? परत आल्यावर मी या प्रश्नामागे हात धुऊन लागलो.

आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा हिशेब दिसायला फार सोपा आहे. जागतिक स्पर्धेत जो पहिला येतो त्याला १२०० गुण. दुसऱ्याला ११६०, तिसऱ्याला ११२०, चौथ्याला ११००, आणि असंच खाली. ऑलिंपिकचेही तसेच. यंदाचे गुण पूर्ण धरायचे, गेल्या वर्षीचे पाऊण, त्याआधीचे निम्मे, त्याही आधीचे पाव. म्हणजे आजचं सुवर्ण १२०० चं, पुढच्या मे महिन्यात ते ९०० चं होतं, मग ६००, मग ३००, आणि पाचव्या वर्षी खात्यातून पुसलं जातं. सगळ्याची बेरीज केली की झाली क्रमवारी. २००३ पासून हे असं चालू आहे.

यात गोलफरक नाही. तुम्ही कुणाला हरवलंत, किती फरकानं हरवलंत, तुमच्या संघात कोण होतं, याला हा हिशेब विचारत नाही. स्पर्धेला आलात का आणि कितवे ठरलात, एवढंच. शाळेच्या भाषेत सांगायचं तर यात हजेरीचे गुण फार आहेत.

इथंच खरी मेख आहे. जागतिक स्पर्धा दरवर्षी मे महिन्यात भरते, आणि नेमकी त्याच वेळी अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल या व्यावसायिक लीगची बाद फेरी चालू असते. जगातले सर्वांत चांगले खेळाडू तिथं गुंतलेले. ज्यांचे क्लब लवकर बाहेर पडले तेच देशाकडून खेळायला मोकळे, आणि त्यातलेही पुष्कळ जण थकून घरी जातात. त्यामुळं मे महिन्यातला कॅनडा हा कॅनडा असतोच असं नाही. २०१८ आणि २०२२ च्या ऑलिंपिकलाही एनएचएलचे खेळाडू गेले नाहीत. २०१८ मध्ये प्योंगचांगला जर्मनीनं उपांत्य फेरीत कॅनडाला हरवलं आणि थेट रौप्य घेतलं. जर्मनीचं कौतुक मला मनापासून आहे, पण समोरच्या कॅनडाच्या संघात देशातले पहिले काही डझन खेळाडू नव्हतेच.

हे दुखणं जुनं आहे. व्यावसायिक खेळाडूंना मज्जाव म्हणून कॅनडानं १९७० पासून काही वर्षं जागतिक स्पर्धेवर बहिष्कारच टाकला होता. सोव्हिएत संघ दरवर्षी जिंकायचा आणि कॅनडातले लोक म्हणायचे, आमची खरी माणसं आली तर बघा. १९७२ मध्ये ती आली. आठ सामन्यांची मालिका ठरली, आणि कॅनडातल्या बऱ्याच जाणकारांनी आठही आपलेच असं छापून टाकलं. २ सप्टेंबरला माँट्रियलमध्ये पहिला सामना झाला आणि सोव्हिएत संघानं तो ७-३ नं जिंकला. मालिका शेवटी कॅनडानं घेतली, पण कशी? मॉस्कोतल्या आठव्या सामन्यात चौतीस सेकंद उरलेले असताना पॉल हेंडरसनच्या गोलवर. दोन देशांतला खरा फरक तेवढा होता, चौतीस सेकंदांचा.

मी पुण्याला परतल्यावर स्वतःची एक्सेल वही सुरू केली. बुद्धिबळात जशी एलो पद्धत असते तशी. प्रत्येक संघाला ठरावीक गुण द्यायचे, जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याकडून काही काढून घ्यायचे. तगड्याला हरवलंत तर जास्त मिळतात, दुबळ्याला हरवलंत तर नावाला. फुटबॉलच्या महासंघानंही २०१८ मध्ये याच जातीची पद्धत घेतली. यात हजेरीचं वजन कमी होतं आणि सामन्याचं वाढतं. रोज रात्री निकाल भरायचो. बायको म्हणायची, घरखर्च असा लिहिला असतास तर! तरीही वही मला वारंवार तोंडावर पाडत होती. असं का, ते आजोबांना फोनवर विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं, “तुझ्या वहीत गोलकीपरचा रकाना आहे का?”

नव्हता. आणि आइस हॉकी कळायची असेल तर आधी हा माणूस कळायला हवा. सहा फूट रुंद, चार फूट उंच जाळी. तिच्यासमोर गाद्या बांधून उभा एक जण. रबराची ती जाड चकती, जिला पक म्हणतात, बर्फावर उसळू नये म्हणून सामन्याआधी फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेली असते, आणि जोराचा फटका बसला की ताशी दीडशे किलोमीटरच्या वर जाते. ज्या रात्री या माणसाला पक मोठा दिसतो, त्या रात्री समोरच्या पाच जणांची किंमत निम्मी होते. क्रिकेटमध्ये एकट्या फलंदाजानं सामना काढायला दिवस लागतो. इथं एकटा गोलकीपर साठ मिनिटांत अख्ख्या देशाची क्रमवारी उलटी करतो.

२२ फेब्रुवारी १९८०, अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडचं हिवाळी ऑलिंपिक. अमेरिकेची कॉलेजातली पोरं विरुद्ध सोव्हिएत संघ. तेरा दिवसांपूर्वी न्यूयॉर्कच्या सराव सामन्यात याच पोरांना सोव्हिएत संघानं १०-३ नं लोळवलं होतं. त्या दिवशी सोव्हिएतांनी ३९ फटके मारले, अमेरिकेनं १६. कुठल्याही मापानं सोव्हिएत संघ दुपटीनं वरचढ. पण अमेरिकेचा गोलकीपर जिम क्रेगनं ३९ पैकी ३६ अडवले आणि अमेरिका ४-३ नं जिंकली. पलीकडच्या बाजूला सोव्हिएत प्रशिक्षकानं पहिल्या सत्रानंतर व्लादिस्लाव त्रेत्याकला, त्या काळातल्या जगातल्या सर्वोत्तम गोलकीपरला, बाहेर बसवलं होतं.

उलटंही होतं. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकला स्वीडननं गटातले तिन्ही सामने जिंकले होते, कॅनडाला ५-२ नं हरवलं होतं. उपांत्यपूर्व फेरीत समोर बेलारूस. ३-३ अशी बरोबरी, शेवटची काही मिनिटं. बेलारूसच्या व्लादिमीर कोपातनं लांबून, जवळपास मध्यरेषेवरून, सहज पक हाणला. तो स्वीडनचा गोलकीपर टॉमी सालोच्या शिरस्त्राणावर आदळून वर उडाला, त्याच्या पाठीमागे पडला आणि हळूच जाळीत गेला. सालो वळून शोधतोय आणि पक आधीच रेषेपार. मी तो तुकडा किती वेळा पाहिला असेल! स्वीडन त्या पंधरवड्यात जगातला सर्वांत चांगला संघ होता असं माझं ठाम मत आहे, आणि यादीत त्याच्या खात्यावर उपांत्यपूर्व फेरीतला पराभव लागला.

मग क्रमवारी खोटी म्हणायची का? काही वर्षं मी तसं म्हणत होतो. २०२५ नं तर मला आयता पुरावा दिला. फेब्रुवारीत एनएचएलनं चार देशांची स्पर्धा भरवली, एकदाची सगळी बडी मंडळी बर्फावर. बोस्टनला अंतिम सामन्यात कॅनडानं अमेरिकेला जादा वेळेत ३-२ नं हरवलं, कॉनर मॅकडेव्हिडचा गोल. ती स्पर्धा महासंघाची नव्हती, म्हणून क्रमवारीत तिचे गुण शून्य. तीन महिन्यांनी, २२ मे ला, डेन्मार्कमधल्या हेर्निंग गावी कॅनडा डेन्मार्कशीच जागतिक स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी खेळला. संघात सिडनी क्रॉस्बी, नेथन मॅकिनन. सव्वादोन मिनिटं राहिलेली असेपर्यंत १-० नं पुढे. मग निकोलाय एलर्सनं बरोबरी केली आणि ४९ सेकंद उरलेले असताना निक ओलेसननं डेन्मार्कला जिंकवलं. जो निकाल मोजला गेला तो हा. पुढे ती स्पर्धा अमेरिकेनं जिंकली, स्वित्झर्लंडला १-० नं हरवून, १९३३ नंतर प्रथमच.

पण हेर्निंगचा तो शेवट मी दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा माझी नजर कॅनडावर नव्हती. डेन्मार्कचे प्रेक्षक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. त्या संघातली बरीचशी माणसं वर्षानुवर्षं दर मे महिन्यात देशाकडून खेळायला आलेली आहेत. जिंकण्याची आशा नसतानाही आलेली. तेव्हा मला हजेरीचे गुण वेगळे दिसायला लागले. कॅनडाला मे महिना जादा कामासारखा वाटतो. डेन्मार्क, लॅटव्हिया, स्वित्झर्लंड यांचा तोच सण असतो. जो देश दरवर्षी बावीस-पंचवीस माणसं जमवून नेमानं उभा राहतो, हरतो, पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहतो, त्याची ही चिकाटी ताकदीतच धरायला हवी. माझ्या एक्सेलला ते जमलं नव्हतं आणि महासंघाच्या ओबडधोबड हिशेबात ते आपोआप येत होतं.

लॅटव्हियाची गोष्ट तर मी कुणालाही कधीही सांगायला तयार असतो. एकोणीस लाखांच्या आतला देश. २०२३ ची स्पर्धा ताम्पेरे आणि रिगा अशी दोन्हीकडे होती. लॅटव्हियाच्या जाळीत आर्तुर्स शिलोव्स नावाचा बावीस वर्षांचा पोरगा. उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी स्वीडनला हरवलं. २८ मे ला कांस्यपदकासाठी अमेरिकेशी सामना. आपल्याकडे संध्याकाळ होती, मी लॅपटॉप डायनिंग टेबलावर मांडून बसलो होतो, कुकरची शिट्टी झाली तरी उठलो नाही. अमेरिका ३-२ नं पुढे. शेवटच्या सत्रात क्रिस्तियान्स रुबिन्सनं बरोबरी केली आणि जादा वेळेत त्यानंच विजयी गोल मारला. देशाच्या इतिहासातलं पहिलं पदक. त्याच रात्री लॅटव्हियाची संसद बसली, मध्यरात्रीच्या सुमारास ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशीचा सोमवार सार्वजनिक सुट्टी म्हणून जाहीर झाला. यादीत याचं रूप म्हणजे ११२० हा आकडा. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून शिलोव्सची निवड झाली, आणि आजोबांनी मला फक्त एका शब्दाचा मेसेज पाठवला, ‘रकाना’.

महिलांच्या क्रमवारीबद्दल मात्र माझी तक्रार अजून आहे. तिथंही पहिली, दुसरी, तिसरी यांत चाळीस-चाळीस गुणांचंच अंतर. प्रत्यक्षात १९९० पासून जागतिक सुवर्ण एकतर कॅनडाकडे गेलंय नाहीतर अमेरिकेकडे, तिसरीकडे कधीच नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीमध्ये दरी आहे आणि यादी ती सपाट करून दाखवते. २०१९ ला एस्पोमध्ये फिनलंडच्या मुलींनी ती दरी ओलांडलीच होती. अमेरिकेविरुद्ध अंतिम सामना, जादा वेळेत पेत्रा निएमिनेनचा गोल, सगळा संघ एकमेकींच्या अंगावर ढिगानं पडलेला. मग पंच चित्रफीत बघायला गेले. ती मिनिटं संपता संपेनात. गोलकीपरला अडथळा झाला म्हणून गोल रद्द केला गेला आणि पेनल्टी फटक्यांवर अमेरिका जिंकली. आजोबा हा विषय निघाला की टीव्ही बंद करतात.

आता भारत. १९८९ पासून आपण महासंघाचे सदस्य आहोत. पण महासंघाच्या क्रमवारीत यायला जागतिक स्पर्धेची कुठली ना कुठली पायरी खेळावी लागते. तिथं उतरायचं तर वर्षभर सरावाला पूर्ण आकाराचा रिंक हवा, साठ मीटर लांब, तीस मीटरपर्यंत रुंद. सिंगापूर-मलेशियात बर्फ पडत नसला तरी २०२२ मध्ये यंत्रावर गोठवलेला बारमाही रिंक होता. आपल्या लडाखच्या मुलामुलींना निसर्ग दोनेक महिने बर्फ देतो. देहरादूनला २०११ मध्ये मोठा बंदिस्त रिंक बांधला, तो पुढे कित्येक वर्षं बंद पडून राहिला आणि अलीकडे कुठं पुन्हा सुरू झाला. सायकलींच्या खोलीतल्या त्या प्रश्नाचं उत्तर हे होतं, आणि ते सांगताना मला लाज वाटली होती.

२०२४ च्या जानेवारीत मी मुद्दाम लेहला गेलो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर पोरं लांब पाइप घेऊन मैदानावर पाणी शिंपत होती, एक थर गोठला की दुसरा. सकाळी भेगा पडल्या होत्या. एक मुलगी, बारा-तेरा वर्षांची असेल, गोलकीपरच्या गाद्या बांधून गुडघ्यावर बसली होती आणि बादलीतला ओला बर्फ हातानं भेगांमध्ये भरून हातमोज्यानं सारखा करत होती. जाळीपुढचा तेवढा चौकोन तिनं स्वतः लिंपला, आपल्याकडे अंगण सारवतात तसा. मग उठून काठीनं दोन्ही खांबांना टकटक केलं आणि उभी राहिली. तिच्यासमोरून आलेला पहिला पक तिच्या मांडीवर बसला, दुसरा तिनं हातमोज्यात धरला.

भारताचा महिला संघ आशिया पातळीवर २०१६ मध्ये पहिल्यांदा खेळला. त्या काळात प्रवासखर्चासाठी लोकांकडून वर्गणी मागावी लागली होती. २०१७ ला बँकॉकमध्ये फिलिपिन्सला ४-३ नं हरवून पहिला विजय मिळाला. आणि २०२५ च्या जूनमध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथं आशिया चषकात कांस्यपदक. वाळवंटातल्या रिंकवर, लडाखच्या मुली.

त्या रात्री मी ताम्पेरेला फोन लावला. आजोबांना आता ऐकायला कमी येतं, दोनदा सांगावं लागलं. कांस्य, आशियात, महिला. त्यांना वेळ लागला, मग आनंदानं हसले. तो जुना प्रश्न येणार म्हणून मी आधीच सांगून टाकलं की हे आशियाचं पदक आहे, जागतिक क्रमवारीच्या बेरजेत याचा एक गुणही धरत नाहीत.

“ते राहू दे,” ते म्हणाले. “जाळीत कोण होती? नाव सांग.”

मी फोन कानाशी तसाच धरून लॅपटॉप उघडला आणि संघाची यादी शोधायला लागलो. ते पलीकडे थांबले होते, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.